हवामानस्नेही मांस : जादा किंमत देण्याची ग्राहकांची तयारी

हवामानस्नेही मांस, म्हणजे ज्याच्या उत्पादनात नेहमीच्या मांसापेक्षा कमी हरितगृह वायू बाहेर पडतात असे सांगितले जाते ते मांस, घेताना ग्राहक जास्तीत जास्त किती रक्कम देण्यास राजी होईल, हा कृषी अर्थशास्त्रातील एक अभ्यासविषय आहे. या कमाल रकमेतून त्याच प्रतीच्या साध्या मांसासाठीची कमाल रक्कम वजा केल्यावर जे उरते त्याला अधिमूल्य म्हणतात. ते शून्य किंवा ऋणही असू शकते.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी १४.५ टक्के पशुपालनाच्या खात्यावर मांडले. त्यांतील मोठा वाटा गाय, म्हैस, शेळी, मेंढी अशा रवंथ करणाऱ्या प्राण्यांचा आहे. त्यांच्या पोटात चारा आंबताना तयार होणारा मिथेन मुख्यतः ढेकरांवाटे बाहेर पडतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापमानवाढ घडवतो. मटणाऐवजी कोंबडी घेतली तरी उत्सर्जन बरेच घटते, आणि महाराष्ट्रातील ग्राहकाचे त्यात पैसेच वाचतात. खरा प्रश्न उद्भवतो तो मांस तेच, पण ते कमी उत्सर्जनात तयार केलेले, अशा वेळी. लाल समुद्रशैवल खाऊ घातलेल्या गुरांचे मांस स्वीडनमध्ये २०२२ साली दुकानांत आले, ते या प्रकारचे होय.

मांस कोवळे आहे की नाही हे शिजवून खाल्ल्यावर समजते. त्यामागे किती मिथेन बाहेर पडला हे मात्र खाऊनही समजत नाही. अशा गुणांना मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये विश्वासाधारित गुण म्हटले. साहजिकच अधिमूल्य मोजताना मोजला जातो तो बराचसा वेष्टनावरील चिठ्ठीवरचा विश्वास.

मोजण्याची रूढ पद्धत निवड-प्रयोगाची आहे. सहभागी व्यक्तीसमोर खिम्याच्या दोन पाकिटांचे वर्णन ठेवले जाते; किंमत, उगमदेश, चरबीचे प्रमाण आणि कार्बनचिठ्ठी (उत्सर्जन सांगणारी चिठ्ठी) यांपैकी काही बाबी दोहोंत वेगळ्या असतात, आणि ‘दोन्ही नको’ हा पर्यायही असतो. अशा अनेक निवडींवरून प्रत्येक गुणाचे पैशांतील मोल सांख्यिकीने काढले जाते. यात कोणाच्याही खिशातून काही जात नसल्याने आकडे फुगतात. जॉन लिस्ट आणि क्रेग गॅलेट यांनी २००१ मध्ये विविध वस्तूंवरील प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा काल्पनिक बोली खऱ्या बोलीच्या सरासरी सुमारे तिप्पट आढळली. यावर उपाय म्हणून सहभागी व्यक्तीकडून बोली लिहून घेऊन नंतर किंमत चिठ्ठी टाकून काढतात, आणि बोली त्या किमतीइतकी किंवा तिच्याहून जास्त असेल तर त्याच किमतीला पाकीट खरोखर विकत घ्यायला लावतात. त्यामुळे खोटी बोली लावण्यात लाभ राहत नाही.

प्रत्यक्ष व्यवहारातील अनुभव याहून सावध करणारा आहे. टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीने २००७ मध्ये आपल्या सर्व मालावर कार्बनचिठ्ठी लावण्याचे जाहीर केले आणि २०१२ मध्ये ते सोडून दिले. केंब्रिज विद्यापीठाच्या उपाहारगृहांतील प्रयोगात (२०२२) चिठ्ठ्यांमुळे प्रत्येक जेवणामागील उत्सर्जन सुमारे ४ टक्क्यांनी घटले, पण ते लोक जास्त उत्सर्जनाच्या पदार्थांकडून कमी उत्सर्जनाच्या पदार्थांकडे वळल्याने. जादा पैसे देऊन तोच पदार्थ घेतल्याने नव्हे. येथे या बाजारपेठेची मूळ अडचण दिसते : हवामानाची चिंता ज्याला सर्वाधिक, तो बहुधा मांसच कमी करतो, आणि जो रोज मांस घेतो त्याची नजर भावावर असते. त्यात ‘नैसर्गिक’ म्हणजेच हवामानस्नेही अशी समजूत आड येते. कुरणावर वाढलेले जनावर वजन धरायला अधिक काळ घेते, त्यामुळे दर किलोमागे त्याचा मिथेन जास्त भरू शकतो. तरी जादा दाम त्यालाच सहज मिळतो. उलट मिथेन घटवणारे बोव्हेर हे खाद्यपूरक वापरण्याची चाचणी आर्ला या दुग्धसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये जाहीर करताच काही ग्राहकांनी दूध मोरीत ओतल्याच्या चित्रफिती प्रसारित केल्या. प्रकरण दुधाचे असले तरी ऋण अधिमूल्याचे इतके ठसठशीत उदाहरण मांसाच्या बाजारात क्वचितच मिळेल.

दाव्यांवरील विश्वास न्यायालयांतही तपासला गेला आहे. डॅनिश क्राऊन ही शेतकऱ्यांच्या मालकीची कंपनी डुकराच्या मांसावर ‘हवामान-नियंत्रित डुक्कर’ अशा अर्थाची चिठ्ठी लावत असे. मार्च २०२४ मध्ये डेन्मार्कच्या पश्चिम उच्च न्यायालयाने ती दिशाभूल करणारी ठरवली. अमेरिकेत टायसन कंपनीचे ‘ब्रेझन बीफ’ १० टक्के कमी उत्सर्जनाच्या दाव्यासह २०२३ मध्ये बाजारात आले, आणि पुढच्याच वर्षी कंपनीच्या हवामानविषयक दाव्यांविरुद्ध दावा दाखल झाला. भारतातही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढून पर्यावरणविषयक दाव्यांना पुरावा आवश्यक केला.

ग्राहकाच्या राजीखुशीवर विसंबायचे नसेल, तर उत्सर्जनावर कर हा दुसरा मार्ग उरतो. डेन्मार्कमध्ये २०२४ च्या समझोत्यानुसार पशुधनाच्या उत्सर्जनावर २०३० पासून प्रतिटन ३०० क्रोनर आणि २०३५ पासून ७५० क्रोनर कर ठरला असून, ६० टक्के वजावटीमुळे शेतकऱ्यावरील प्रत्यक्ष भार अनुक्रमे १२० आणि ३०० क्रोनर इतका राहणार आहे.