राघोबादादांचे पतन : पडद्यावरील पेशवाई आणि मावळातील साक्ष

पेशवे घराण्यावरील चित्रपटांची ऐतिहासिकता तपासताना पगडी, लुगडे, दागिने आणि नृत्य यांचीच चर्चा बहुधा होते. २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ प्रदर्शित झाला, तेव्हा काशीबाई व मस्तानी यांच्या एकत्र नृत्यावरून मोठा वाद झाला. तो वाद अनाठायी नव्हता. तथापि वेषभूषेतील दोष जाणत्या प्रेक्षकाच्या ध्यानात सहज येतो. कार्यकारणभावातील दोष मात्र नकळत मनात रुजतो आणि पुढे इतिहास म्हणूनच वावरतो. प्रस्तुत टिपणात या दुसऱ्या प्रकारच्या दोषाचा विचार रघुनाथरावांच्या पतनाच्या अनुषंगाने करावयाचा आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पेशवे हे राजे नव्हते. ते छत्रपतींचे मुख्य प्रधान होते आणि पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याहून येत. पडद्यावर शनिवारवाड्याला राजवाड्याचे आणि पेशव्याला राजाचे रूप येते, त्यामुळे सत्तेचा सारा व्यवहार एका कुटुंबातील गादीच्या भांडणापुरता उरतो. वस्तुतः ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाल्यावर रघुनाथरावांना पेशवाईची वस्त्रे मिळालीही होती. वस्त्रे मिळूनही ते टिकले नाहीत, कारण कारभारी आणि सरदार यांची संमती त्यांच्यामागे उभी राहिली नाही. पतनाचे मूळ शोधावयाचे ते येथे.

प्रभात फिल्म कंपनीचा ‘रामशास्त्री’ (१९४४) हा या विषयावरील सर्वांत प्रभावी चित्रपट होय. गजानन जागीरदार यांचे रामशास्त्री आणि ललिता पवार यांची आनंदीबाई प्रेक्षकांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिली. सत्ताधीशाला त्याच्या तोंडावर दोषी ठरविणारा न्यायाधीश पारतंत्र्याच्या अखेरच्या पर्वातील प्रेक्षकाला आपला वाटला असल्यास नवल नाही. त्या निःस्पृह पुरुषाचे चित्र मूलतः यथार्थ आहे. परंतु निवाडा हा कथेचा कळस ठरला की त्यापूर्वीचे कारस्थान हेच तिचे एकमेव कारण बनते, आणि कारस्थानाचा भार एका स्त्रीवर येऊन पडतो.

‘धरावे’च्या जागी ‘मारावे’ झाले, ही कथा सर्वश्रुत आहे. ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात ती नोंदविली आहे. अक्षर बदलल्याचा आरोप आनंदीबाईंवर ठेवताना मात्र त्याचा आधार सर्वत्र असलेला समज हाच आहे, आणि ग्रंथ खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी प्रसिद्ध झालेला आहे. समज हा समजाचा पुरावा असतो, घटनेचा नव्हे. शिवाय अक्षर कोणीही बदलले असले, तरी पुतण्यास कैद करण्याचा हेतू मूळ शब्दातही आहेच. त्या हेतूचे उत्तरदायित्व रघुनाथरावांचे. ‘ध’चा ‘मा’ ही म्हण भाषेत रूढ झाली, आणि पतीच्या अपराधाचा मोठा वाटा पत्नीच्या नावे लागला.

निवाड्यानंतर रघुनाथराव संपले नाहीत. १७७४ मध्ये बारभाईंनी नारायणरावांच्या मरणोत्तर जन्मलेल्या पुत्राच्या नावे कारभार हाती घेतला. ६ मार्च १७७५ रोजी सुरतेच्या तहाने रघुनाथरावांनी साष्टी आणि वसई देऊ करून मुंबईकर इंग्रजांचे सैन्य मागितले. घरातील भांडण येथे परराज्याच्या हाती गेले. त्याचा पहिला निकाल लागला तो मावळात.

१७७८ च्या अखेरीस कर्नल एगर्टनच्या हुकमतीखाली मुंबईची फौज बोरघाट चढून खंडाळ्यास आली. बरोबर रघुनाथराव होते. पुण्याजवळ जाताच सरदार येऊन मिळतील, ही त्यांची खात्री. प्रत्यक्षात कोणीही महत्त्वाचा सरदार आला नाही. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. त्याच्या शौर्यामुळे मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले. ९ जानेवारीस इंग्रज तळेगावी पोहोचले, पुण्यापासून सुमारे अठरा मैलांवर. गाव जाळलेले होते. वैरण आणि धान्य शत्रूच्या हाती लागू नये, हाच मराठ्यांचा डाव होता. ११ च्या रात्री जड तोफा तळ्यात टाकून फौज मागे फिरली आणि वडगावापाशी महादजी शिंदे व तुकोजी होळकर यांच्या सैन्याने तिला कोंडले. जानेवारीच्या मध्यास झालेल्या करारात १७७३ पासून घेतलेला मुलूख परत करण्याचे इंग्रजांनी मान्य केले, आणि रघुनाथराव महादजींच्या स्वाधीन झाले. वरिष्ठ इंग्रज अधिकाऱ्यांनी हा करार पुढे नाकारला, दादाही निसटले. परंतु त्यांच्या नावाने मराठी मुलखात कोणी उठत नाही, हे वडगावी सिद्ध झाले ते कायमचे. १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांनीही त्यांचा पक्ष सोडला. १७८३ मध्ये त्यांचे निधन झाले.

‘रामशास्त्री’ निवाड्यापाशी थांबतो. ‘रमा माधव’ (२०१४) हा थोरल्या माधवरावांच्या मृत्यूपाशी, म्हणजे १७७२ पाशी. कलाकृतीने कोठे थांबावे हा कर्त्याचा अधिकार आहे, आणि अडीच-तीन तासांत सर्व येणार नाही हेही खरे. परंतु प्रेक्षक जेथे कथा संपते तेथेच कारणेही संपली असे मानतो. मग पतन वाड्यात झाले असे ठरते, आणि घाटात, कार्ल्याच्या माळावर, जळलेल्या तळेगावात घडलेले राजकारण अदृश्य होते. ज्या रयतेने आपल्या घरांची आणि वैरणीची राख सोसून ही मोहीम जिंकून दिली, ती तर कोणत्याच पात्रयादीत येत नाही.

म्हणून चित्रपटाचा साधन म्हणून उपयोग करणाऱ्या विद्यार्थ्याने दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. दाखविले ते खरे काय, हा पहिला. दाखविलेल्यालाच कारण मानण्यास आधार काय, हा दुसरा. पहिल्या कसोटीस ‘रामशास्त्री’ बऱ्याच अंशी उतरतो. दुसऱ्या कसोटीसाठी कागद वाचावे लागतात, आणि खंडाळ्यापासून वडगावापर्यंतची ती वाट एकदा पायांखाली घालावी लागते.