एका पोस्टकार्डाची गोष्ट

मैत्रिणींनो, १९७४ साली टेल्को कंपनीला इंजिनिअर हवे होते. पण बायकांनी अर्ज करू नये, असं जाहिरातीत छापलं होतं. सुधा कुलकर्णींनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडून जाब विचारला. मुलाखतीचं बोलावणं आलं आणि त्या टेल्कोच्या पहिल्या महिला इंजिनिअर झाल्या.

पुढे त्याच सुधा मूर्ती १९९६ पासून इन्फोसिस फाउंडेशनमधून शाळा, वाचनालयं, दवाखान्यांसाठी झटल्या. तेव्हा त्याची सक्ती नव्हती. २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के समाजासाठी खर्चायला सांगितलं, तेही आसपासच्या भागाला प्राधान्य देऊन.

आपल्या शिवाराशेजारी असा कारखाना असेल, तर गटात ठराव करू आणि पत्र लिहून विचारू: आमच्या गावाला काय?