प्याद्याची दोन घरे

बुद्धिबळातले काही डाव हरलेल्या खेळाडूसाठीही लक्षात ठेवावेत. नाशिकच्या विदित गुजराथीचा ६ एप्रिल २०२४ चा डाव मला तसा वाटतो. आमच्या शिरपूरला येणारा मुंबई-आग्रा रस्ता नाशिकवरूनच येतो, त्यामुळे विदित आम्हाला आपल्याच वाटेवरचा!

स्थळ कॅनडातील टोरांटो. स्पर्धा कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणारी. आदल्याच दिवशी विदितने काळ्या मोहऱ्यांनी खेळून अमेरिकेच्या हिकारू नाकामुराला हरवले होते. तिसऱ्या फेरीत समोर आला चेन्नईचा प्रज्ञानंद. विदितने तिसऱ्या खेळीला उंट घोड्यावर रोखला. प्रज्ञानंदने उत्तरादाखल राजाच्या उंटापुढचे प्यादे एकदम दोन घरे पुढे टाकले. आपल्याच राजाचे दार किलकिले करणारी ही खेळी! रशियाच्या येनिशने १८४७ मध्ये तिचा अभ्यास मांडला होता, पण मोठ्या स्पर्धांत ती क्वचितच दिसते. विदित हा डाव हरला.

मला कुतूहल वाटते ते त्या दोन घरांचे. आपल्या जुन्या देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले. सैन्य सावकाश उभे राही, असा अचानक घाला घालणे अवघडच होते. १८४८ साली कलकत्त्यात कॉक्रेन या वकील साहेबाने महेशचंद्र बॅनर्जींविरुद्ध चौथ्याच खेळीला घोडा देऊन टाकला. ती चाल आजही कॉक्रेनच्याच नावाने ओळखतात. महेशचंद्र मात्र देशी वळणाचे. प्यादी एकेक घर सरकवायची, उंट बाजूला दबा धरून बसवायचा, ही त्यांची रीत. बुद्धिबळाच्या पुस्तकांत ‘इंडियन डिफेन्स’ हे नाव आले ते त्यांच्यामुळेच.

म्हणजे धाडस साहेबाचे आणि धीर आपला, अशी तेव्हा जणू वाटणीच होती. टोरांटोत पटाच्या दोन्ही बाजूंना भारतीय मुलेच होती. ते धाडसही आता आपले झाले.

आणि धीर? तो विदितने दाखवला. पराभवाने खचून न जाता त्याच स्पर्धेच्या नवव्या फेरीत त्याने नाकामुराला पुन्हा हरवले. शाळेतल्या मुलांना हा डाव सांगायचा, तर मी इथपर्यंत सांगेन.