‘मला हे औषध मानवत नाही’

मागच्या व्याख्यानात आपण नियम आणि अपवाद यांबद्दल बोललो होतो. ते जरा हवेत राहिलं, अशी काहींची तक्रार आली. म्हणून आज जमिनीवरचा विषय घेतो. एकच औषध शंभर जणांना देतात, नव्याण्णव जणांना ते लागू पडतं, आणि शंभरावा त्यानेच दगावतो. असं का झालं, या प्रश्नाला माणसांनी काय काय उत्तरं दिली, त्याचा हा इतिहास आहे.

आपल्याकडे घरोघर एक वाक्य ऐकू येतं, ‘मला हे मानवत नाही.’ कुणाला दूध मानवत नाही, कुणाला सल्फाच्या गोळ्या. माझ्या आईला त्या गोळीने अंगभर पुरळ उठायचं, आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधीच ती सांगून मोकळी व्हायची. चरकसंहितेत रोग्याची परीक्षा दहा अंगांनी करायला सांगितली आहे, त्यातलं एक अंग ‘सात्म्य’, म्हणजे या माणसाला काय मानवतं ते. ग्रीकांकडे यासाठी शब्द होता इडिओसिंक्रसी. ‘इडिओस’ म्हणजे स्वतःचं, ‘सिन’ म्हणजे एकत्र, ‘क्रासिस’ म्हणजे मिश्रण. ज्याचं त्याचं मिश्रण वेगळं. शब्द सुंदर आहे. पण शब्द सुंदर असला की विचार तिथेच थांबण्याचा धोका असतो, आणि या शब्दाच्या बाबतीत तेच झालं.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ विनलॅटन नावाचं गाव आहे. २८ जानेवारी १८४८ रोजी तिथे हॅना ग्रीनर नावाच्या १५ वर्षांच्या मुलीच्या पायाच्या बोटाचं नख काढायचं होतं. एवढीच शस्त्रक्रिया. एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सनने क्लोरोफॉर्म भूल देण्यासाठी वापरायला सुरुवात केली होती १८४७ च्या नोव्हेंबरात, म्हणजे जेमतेम अडीच-तीन महिने झाले होते. या मुलीने आधी एकदा ईथरची भूल घेतली होती आणि ती सुखरूप होती. त्या दिवशी मात्र ती फार घाबरली होती, रडत होती. डॉक्टर मेगिसन यांनी चमचाभर क्लोरोफॉर्म कापडावर ओतून नाकाशी धरला. थोड्या वेळात हात ताठरला, सहकाऱ्याने चीर दिली, तिने पाय झटकला. आणि लगेच ओठ पांढरे पडले. तोंडावर पाणी मारलं, ब्रँडी पाजायचा प्रयत्न केला. दोन-तीन मिनिटांत खेळ संपला.

तो झटकलेला पाय लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

चौकशी झाली, शवविच्छेदन झालं, आणि भांडण सुरू झालं. सिम्प्सन म्हणाला, क्लोरोफॉर्मचा दोष नाही, बेशुद्ध मुलीच्या तोंडात पाणी आणि ब्रँडी घातली, त्याने ती गुदमरली. लंडनचा जॉन स्नो (हो, तोच, पुढे कॉलऱ्याच्या साथीत ब्रॉड स्ट्रीटचा पंप बंद करायला लावणारा) म्हणाला, दोष देण्याच्या पद्धतीचा आहे. कापडावर ओतलेल्या औषधाची वाफ किती दाट होते याचा कुणाला पत्ता नसतो, आणि दाट वाफ हृदयावर घाला घालते. स्नोने त्यासाठी वाफ मोजून देणारं उपकरण बनवलं. आणि तिसरं उत्तर होतं ते आपलं जुनंच: त्या रोग्याची प्रकृतीच तशी. इडिओसिंक्रसी.

पुढच्या वर्षांत क्लोरोफॉर्मखाली माणसं जात राहिली. बहुतेक किरकोळ शस्त्रक्रियांच्या वेळी, दात काढताना, बोट कापताना. आणि हे तिसरं उत्तर फार सोयीचं ठरलं. सोय कशात आहे बघा. औषधाला दोष नाही, देणाऱ्याच्या हाताला दोष नाही. दोष त्याच्यात, जो आता बोलू शकत नाही. तर्कशास्त्राच्या वर्गात मी याला सरळ वर्तुळ म्हटलं असतं. हा माणूस का मेला? कारण त्याची प्रकृती विशेष होती. प्रकृती विशेष होती कशावरून? कारण तो मेला. स्नोला हे पटलं नव्हतं, कारण मेलेल्यांपैकी काहींनी आधी क्लोरोफॉर्म घेतलेला होता आणि त्यांना काहीही झालं नव्हतं. प्रकृती काय मंगळवारी एक आणि गुरुवारी दुसरी असते का?

आता ही गोष्ट आपल्या दाराशी येते. निजामाच्या हैदराबादेत. तेव्हा आपला मराठवाडा त्याच राज्यात होता, हे सांगायला नको. तिथे एडवर्ड लॉरी नावाचा रेसिडेन्सी सर्जन होता, वैद्यकशाळेचा प्रमुख. त्याचे गुरू एडिंबरोचे साइम, आणि गुरूची शिकवण अशी की भूल देताना नाडी बघू नका, श्वास बघा. श्वास नीट चालला की रोगी सुरक्षित. लॉरीने हा सिद्धान्त सिद्ध करायचं ठरवलं. १८८८ मध्ये पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने शंका काढली, तेव्हा निजाम मीर महबूब अली खान यांनी चक्क एक हजार पौंड दिले: तुमचा माणूस पाठवा आणि डोळ्यांनी बघा. लॅन्सेटने लॉडर ब्रन्टन या नामांकित औषधशास्त्रज्ञाला पाठवलं. १८८९ चा दुसरा आयोग तो. त्या वैद्यकशाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाईंनी भूल देण्याच्या कामात तिथे नाव मिळवलं, हेही नोंदवायला हवं.

शेकडो कुत्र्यांवर, माकडांवर प्रयोग झाले. ब्रन्टन आला तेव्हा त्याला वाटत होतं की हृदय आधी थांबतं, आणि परत गेला तो लॉरीचं म्हणणं मान्य करून. आधी श्वास थांबतो, मग हृदय. प्रयोग खोटे नव्हते. तरी रोगी मरत राहिले, आणि नाडीवर हात ठेवलेले डॉक्टर सांगत राहिले की नाडी आधी गेली.

मग चूक कुठे? १९११ मध्ये गुडमन लेव्ही नावाच्या इंग्रज डॉक्टरने मांजरांवर काम करून दाखवलं की अचानक मृत्यू गाढ भुलेत येत नाही, तो येतो हलक्या भुलेत. क्लोरोफॉर्म थोडाच चढलेला असतो, आणि त्याच वेळी अंगात ॲड्रिनलिन उसळतं, भीतीने किंवा वेदनेने. मग हृदयाचे स्नायू एका तालात आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात, आणि सगळं संपतं. आता विनलॅटनची मुलगी आठवा. भेदरलेली, अर्धवट भूल, आणि चीर बसताच झटकलेला पाय. हैदराबादेत कुत्र्यांना क्लोरोफॉर्म भरपूर चढवत मरेपर्यंत नेलं जायचं, म्हणून तिथे श्वासच आधी थांबायचा. उत्तर बरोबर होतं, प्रश्न दुसरा होता. माझ्या मते तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने अभ्यासावं असं हे उदाहरण आहे, पण आमच्या अभ्यासक्रमात ते कधी आलं नाही.

म्हणजे क्लोरोफॉर्मच्या बाबतीत ‘प्रकृती’ हे उत्तर बहुतांशी चुकीचं होतं. मग प्रकृती ही नुसती पळवाटच समजायची का? तसंही नाही. इथे गोष्ट उलटी फिरते.

मलेरियावरचं प्रायमाक्विन हे औषध घ्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर मलेरियाच्या औषधांचे प्रयोग चालत. कैद्यांची संमती ही खरी संमती का, हा प्रश्न न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी डॉक्टरांच्या वकिलांनीही उचलला होता. तो आजही सुटलेला नाही, आणि मी तो गिळून पुढे जाणार नाही. पण तिथे जे कळलं ते असं. काही कैद्यांच्या, विशेषतः कृष्णवर्णीयांपैकी काहींच्या, लाल पेशी या औषधाने फुटायच्या, लघवी काळी व्हायची. ‘इडिओसिंक्रसी’ म्हणून फाइल बंद करता आली असती. त्यांनी वेगळं केलं. अशा माणसाच्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या निरोगी माणसाच्या रक्तात सोडल्या आणि त्याला औषध दिलं. पेशी फुटल्या. मग उलट केलं, निरोगी माणसाच्या पेशी त्या माणसाच्या अंगात सोडल्या. त्या टिकल्या. म्हणजे दोष सबंध प्रकृतीत नाही, लाल पेशीत आहे. १९५६ मध्ये नेमका पत्ता लागला: जीसिक्सपीडी नावाचं एक विकर या पेशींत कमी असतं. हा आनुवंशिक गुण आहे, एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून पुरुषांत जास्त दिसतो. आपल्या मुंबईतल्या पारशी समाजात तो बऱ्यापैकी आढळतो. आणि व्हायवॅक्स मलेरिया पुन्हा उलटू नये म्हणून आपल्याकडे प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा क्रम देतात, तेव्हा ही लांबच्या देशातली गोष्ट नव्हे.

आता शेवटची गोष्ट, आणि मला सर्वांत जवळची. १९६० साल, मेलबर्न. २१ वर्षांचा एक विद्यार्थी मोटारीखाली येऊन पाय मोडतो, हाड बाहेर. रॉयल मेलबर्न हॉस्पिटलमध्ये आणतात. आणि हा मुलगा पायाबद्दल बोलतच नाही. तो म्हणतो, मला भूल देऊ नका. माझ्या नात्यातली दहा माणसं ईथरने मेली आहेत.

तुम्ही तिथे डॉक्टर असतात तर काय केलं असतंत? शंभर वर्षांचा अनुभव सांगतो की घाबरलेला रोगी काहीही बोलतो. त्यांनी ईथर टाळलं आणि हॅलोथेन हे तेव्हाचं नवं औषध दिलं, पण सावधपणे, लक्ष ठेवून. दहाएक मिनिटांत रक्तदाब कोसळला, नाडी धावू लागली, अंग तापलं. भूल ताबडतोब बंद केली, बर्फ लावला. मुलगा वाचला. हॅना ग्रीनरही घाबरली होती, आणि हाही. तिची भीती ही स्वतः एक कारण होती, याची भीती ही माहिती होती. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, हीच तर अडचण आहे.

मायकेल डेनबरो या डॉक्टरने त्या कुटुंबाचा वृत्तान्त गोळा केला, आणि त्याच वर्षी डेनबरो आणि लव्हेल यांचं छोटंसं पत्र लॅन्सेटमध्ये आलं. होय, हैदराबादला माणूस पाठवणारं तेच लॅन्सेट. पिढ्यांमधून उतरणारा हा गुण होता. भुलेच्या काही औषधांनी या लोकांच्या स्नायूंत कॅल्शियम बेसुमार सुटतं, स्नायू ताठ होतात, शरीर भट्टीसारखं तापतं. सुरुवातीला असे दहातले सात-आठ रोगी जात. १९७५ मध्ये केप टाउनच्या गेसफोर्ड हॅरिसनने डुकरांवर दाखवलं की डॅन्ट्रोलीन या औषधाने हे थांबतं. होय, डुकरांवर, कारण त्यांच्या काही जातींतही हाच विकार असतो. १९९० मध्ये जनुकाचाही माग लागला. आता हे औषध हाताशी असेल आणि वेळेवर दिलं तर बहुतेक रोगी वाचतात.

तो विद्यार्थी पुढे आणखी एका शस्त्रक्रियेसाठी आला, तेव्हा त्याला पाठीच्या कण्यातून भूल दिली. काही झालं नाही. दहा नातेवाईक गेले त्या प्रत्येक वेळी घरात कुणीतरी कुणाला तरी ‘आमच्याकडे हे चालत नाही’ असं सांगितलं असणार, असं मला सारखं वाटतं. ते कागदावर आलं अकराव्या वेळी. तुमच्या केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात ‘ॲलर्जी’ असं लिहिलेली एक रेघ असते, बहुतेक वेळा कोरी. पुढच्या वेळी ती भरायला सांगा, आणि घरातल्या माणसांचंही त्यात सांगा.

पाणी घेतो, मग प्रश्न घेऊ.