महिला फुटबॉलपटूंमधील उडी, पायांतील असमानता आणि धावेचा वेग

महिला फुटबॉलपटूंची शारीरिक क्षमता तपासताना जागेवरून मारलेल्या उभ्या उडीची उंची, डाव्या-उजव्या पायांच्या कामगिरीतील तफावत आणि 5 ते 30 मीटर धावेला लागणारा वेळ, या तीन बाबी बहुधा एकत्र मोजल्या जातात. तिन्हींचे मोजमाप सोपे आहे. त्यांचा परस्परसंबंध मात्र वादाचा आहे.

उडीचे मोजमाप : अमेरिकन शारीरिक शिक्षणतज्ज्ञ डडली सार्जंट यांनी 1921 मध्ये उभ्या उडीची चाचणी मांडली. भिंतीवर खडूची खूण करण्याचा तिचा प्रकार आजही रूढ आहे. इटलीच्या कार्मेलो बॉस्को यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत खेळाडू हवेत किती काळ राहिली, हे मोजतात. या काळाच्या वर्गाला गुरुत्वत्वरणाने गुणून आठाने भागले की उंची मिळते. खेळाडू अर्धा सेकंद हवेत राहिली, तर उडी सुमारे 30.7 सेंटिमीटर भरते. खाली येताना तिने गुडघे दुमडले, तर पाय जमिनीला उशिरा टेकतात आणि प्रत्यक्षात न मारलेले सेंटिमीटर नोंदीत चढतात. यासाठी हात कमरेवर ठेवून, पाय सरळ ठेवून उतरण्याचा नियम काटेकोरपणे पाळावा लागतो. हात झोकून मारलेली उडी सहसा अधिक उंच जाते, म्हणून दोन्ही प्रकारच्या नोंदींची तुलना करू नये.

असमानता : प्रत्येक पायावर स्वतंत्र उडी घेऊन दोन्हींतील फरकाला मोठ्या आकड्याने भागतात व टक्केवारी काढतात. उजव्या पायावर 18 आणि डाव्या पायावर 16 सेंटिमीटर उडी असेल, तर असमानता 11.1 टक्के येते. सरासरीने भागल्यास तीच 11.8 टक्के होते. मात्र मुळात हा फरक दोनच सेंटिमीटरचा असून एकाच पायाच्या लागोपाठच्या उड्यांतही त्याच्या जवळपास जाणारा चढउतार दिसू शकतो. चाचणीच्या स्वतःच्या त्रुटीपेक्षा मोठी नसलेली असमानता खरी मानणे चूक आहे. शिवाय उभ्या उडीत सरस ठरलेला पाय लांब उडीत सरस ठरेलच असे नाही. 10 ते 15 टक्क्यांची सर्रास सांगितली जाणारी मर्यादा मुख्यतः दुखापतीनंतरच्या पुनर्वसनातून आली आहे. तिच्या आधारे निरोगी खेळाडूला संघाबाहेर ठेवणे अन्यायाचे होईल.

धावेशी संबंध : उंच उडी मारणाऱ्या खेळाडू सामान्यतः कमी वेळात धावतात. सुरुवातीच्या काही पावलांत शरीर पुढे ढकलण्याचा जोर निर्णायक असतो. पूर्ण वेगात मात्र पाऊल जमिनीवर सेकंदाचा जेमतेम दहावा हिस्सा टेकते व तेवढ्यात जोर लावावा लागतो. त्यामुळे एकच उडी धावेच्या सर्व टप्प्यांचा अंदाज देत नाही. असमानतेबाबत निष्कर्ष जुळत नाहीत. संशोधक ख्रिस बिशप व सहकाऱ्यांना उच्च स्तरावरील युवा गटातील मुलींमध्ये एका पायावरील उभ्या उडीतील जास्त असमानता आणि धावेचा जास्त वेळ यांचा संबंध आढळला. इरिनेऊ लोतुर्को व सहकाऱ्यांना ब्राझीलच्या अव्वल खेळाडूंमध्ये तसा संबंध दिसला नाही. अशा पाहण्यांतील खेळाडू थोड्या असतात आणि सहसंबंधावरून कारण सिद्ध होत नाही. सामन्यातील वेगवान धावा मोजतानाही पुरुषांच्या सामन्यांवरून ठरवलेल्या वेगमर्यादा महिलांना तशाच लावल्या, तर त्यांच्या कितीतरी वेगवान धावा मोजणीतून गळतात.

दुखापत : गुडघ्यातील पुढच्या क्रूसाकार अस्थिबंधाची इजा फुटबॉलमध्ये पुरुषांपेक्षा महिलांना सुमारे दोन ते तीन पट अधिक होते, त्यात असमानतेचा वाटा किती, याबाबत एकमत नाही.

प्रशिक्षण : दुबळ्या पायाला एका पायावरील बैठका व उड्यांचा वाढीव सराव देतात. ‘फिफा 11+’ या सुमारे 20 मिनिटांच्या सराव-पूर्व कार्यक्रमात धावणे, एका पायावर तोल सांभाळणे, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम आणि उड्या यांचा समावेश आहे. त्यासाठी एका चेंडूखेरीज फारशी साधने लागत नसल्याने शालेय मुलींच्या संघांनाही तो आठवड्यातून किमान दोनदा करता येतो.