मागून मिळणारा सूर

शाळेत प्रार्थनेच्या वेळी एक गुरुजी मला म्हणाले होते, ‘तू नुसते ओठ हलव.’ पुढे चाळीस वर्षे मी कविता लिहिल्या, पण चारचौघांत गायलो नाही.

मोठेपणी गाणे शिकणे ही काही आजची हौस नव्हे. जात्यावरच्या कितीतरी ओव्या बायका सासरी आल्यावर शिकत. खुंट्यावर दोघींचे हात. जाणती ओळ म्हणे, नवी तिच्यामागून. नवी अडली तरी जाते थांबत नसे. जाणती शब्द पुरवी, पीठ पडत राही. माझी आई अशीच शिकली. नमाजाची वेळ चुकवीत नसे, पण तिच्या ओवीत विठोबा हमखास येई. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या गाणाऱ्या बायकांची परीक्षा कोणी घेतली होती?

पोवाड्याचेही तेच. अज्ञानदासाने १६५९ मधल्या अफजलखान वधावर पोवाडा रचला. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक उभे केले. काळ बदलला, तरी शाहिरामागचे झीलकरी राहिलेच. ओळ संपता संपता ते सूर धरतात. तेवढ्यात शाहीर दम घेतो, पुढची ओळ आठवतो. नवखा घसरला, तर समोरच्यांना कळायच्या आत मागून सावरला जातो.

तीन वर्षांपूर्वी गावच्या भजनी मंडळात मी भीतभीतच बसलो. माझा आवाज वर पोचेना. बुवांनी काही न बोलता पेटीवाल्याला पट्टी उतरवायची खूण केली. भजन संपल्यावर, टाळ गुंडाळताना, हळूच म्हणाले, ‘शेखभाई, शब्द स्वच्छ आहेत तुमचे. ओळीचा शेवट मात्र लवकर सोडता. माझ्याबरोबर धरून ठेवा.’ नुसते ‘वा वा’ म्हणाले असते, तर मला ते खरे वाटले नसते आणि मी पुन्हा गेलो नसतो.

आता मंडळात एक निवृत्त एसटी कंडक्टर आले आहेत. आवाज खणखणीत, पण ताल सुटतो. बुवांनी त्यांना माझ्या शेजारी बसवले आहे. मी टाळ जरा जोराने वाजवतो.