पालघर-तारापूर किनारा : हवामानबदल आणि स्थानिक संस्था

महाराष्ट्र राज्याच्या पालघर जिल्ह्यातील अरबी समुद्रालगतचा प्रदेश. मुंबईच्या उत्तरेस पश्चिम रेल्वेवर पालघर (लोकसंख्या सु. ६९,०००–२०११) व बोईसर (सु. ३६,०००–२०११) ही नगरे असून बोईसरच्या पश्चिमेस किनाऱ्यावर तारापूर आहे. केळवे, माहीम, सातपाटी, नवापूर, दांडी, चिंचणी ही येथील प्रमुख किनारी गावे होत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याच्या विभाजनाने पालघर जिल्हा अस्तित्वात आला, त्यास सु. ११२ किमी. लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे. मांगेला, कोळी, वैती, वाडवळ, भंडारी व आदिवासी वारली हे येथील प्रमुख समाज असून मासेमारी, बागायत व भातशेती हे त्यांचे परंपरागत व्यवसाय होत.

हवामानबदल ही संज्ञा या प्रदेशात अलीकडची असली, तरी समुद्राचे पाणी शेताबाहेर व विहिरीबाहेर ठेवण्याचा प्रश्न जुना आहे. खाड्यांलगतच्या खाजण जमिनींभोवती मातीचे बांध घालून भरतीचे पाणी अडविणे आणि पावसाचे पाणी उघाडीवाटे ओहोटीस सोडून देणे, ही कोकणातील पूर्वापार पद्धत. बांधाला एका ठिकाणी खांड पडले, तरी त्यामागील सर्वच शेते खारी होत. त्यामुळे बांधाची राखण हे साहजिकच सामायिक काम होते. १९४८ चा मुंबई खारभूमी अधिनियम व १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम यांमुळे हे काम क्रमाक्रमाने शासकीय यंत्रणेकडे गेले. बांधांना शासकीय निधी मिळू लागला, तथापि बांधाचा निर्णय गावाबाहेर होऊ लागला. मासेमारीतही अशीच स्थिती दिसते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यास ओढून नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात न जाण्याची रूढी कायद्याहून जुनी आहे. राज्याचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ मधील आहे.

औद्योगिकीकरण : तारापूर येथील देशातील पहिले अणुविद्युत् केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. तिसऱ्या व चौथ्या संयंत्रांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठविण्यात आली. ही दोन्ही संयंत्रे २००५-०६ मध्ये कार्यान्वित झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बोईसर-तारापूर येथे वसविलेल्या क्षेत्रात रसायने, रंगद्रव्ये, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. त्यांचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून नळाने नवापूरनजीक समुद्रात सोडण्यात येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर क्षेत्राचा प्रदूषण निर्देशांक ९३·६९ असा देशात सर्वाधिक ठरला.

बदलाची लक्षणे : १९०१ ते २०१८ या काळात जागतिक सरासरी समुद्रपातळी सु. २० सेंमी. वाढली. अलीकडील दशकांत अरबी समुद्राचे पाणी तापले असून तीव्र चक्रीवादळांची संख्याही वाढली आहे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते हे वादळ या किनाऱ्यास समांतर उत्तरेकडे गेले; त्यात भरकटलेला एक बार्ज माहीमजवळील वडराई येथे किनाऱ्यास लागला. केळवे व शिरगाव येथे धूप होऊन सुरूची झाडे मुळांसकट कोसळली. सातपाटी येथे धूप-प्रतिबंधक बंधारा फुटून उधाणाचे पाणी वस्तीत शिरण्याचे प्रसंग वारंवार आले. किनारी वाड्यांतील विहिरींचे पाणी मचूळ होणे, ही बागायतदारांची मोठी अडचण होय. मासळी घटण्यास मात्र तापते पाणी, अतिमासेमारी व कारखान्यांचे सांडपाणी अशी अनेक कारणे एकत्र येतात. त्यामुळे येथील समाजाने हवामानबदलास प्रदूषणापासून वेगळा प्रश्न मानलेले नाही.

स्थानिक संस्थांचे अधिकार : ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी (१९९२, अंमल १९९३) स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनात्मक स्थान दिले. बाराव्या अनुसूचीतील नगरपालिकांच्या अठरा विषयांत पर्यावरणसंरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे; अकराव्या अनुसूचीतील पंचायतींच्या एकोणतीस विषयांत लघुसिंचन, मत्स्यव्यवसाय, सामाजिक वनीकरण व पिण्याचे पाणी आहे, परंतु पर्यावरणसंरक्षण नाही. परिणामी पालघर नगर परिषदेकडे जो विषय आहे, तो बोईसरसारख्या नगरसदृश गावाच्या ग्रामपंचायतीकडे नावानेही नाही. शिवाय औद्योगिक क्षेत्राच्या नियोजनाचे अधिकार महामंडळाकडे, किनारा-नियमनाचे केंद्र व राज्य शासनांकडे आणि प्रदूषणनियंत्रणाचे मंडळाकडे आहेत. सांडपाणी ज्या गावाच्या किनाऱ्यास लागते, त्या गावाच्या पंचायतीला ते थांबविण्याचा अधिकार नाही. राज्य शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले. भूमी, वायू, जल, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांखाली वृक्षारोपण, कचरा-वर्गीकरण, जलसंधारण, ऊर्जाबचत इ. कामांसाठी स्थानिक संस्थांना त्यात गुण देण्यात येतात. संस्थांच्या आवाक्यातील कामांना यामुळे चालना मिळाली. बंधारा, सांडपाणी व बंदर हे प्रश्न मात्र या चौकटीबाहेरच राहिले.

समाजाचे प्रयत्न : पंचायतीच्या हाती मुख्यत्वे ठराव हेच साधन उरल्याने, तो ठराव अधिकार असलेल्या व्यासपीठापुढे नेण्याचे काम समाजाच्या संघटनांनी केले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने सामायिक प्रक्रिया केंद्रावर व शंभराहून अधिक उद्योगांवर नुकसानभरपाई बसविली. सातपाटीच्या मच्छीमारांनी पापलेटची पिले मारण्यास प्रतिबंध असावा, अशी मागणी लावून धरली. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा म्हणून घोषित झाला.

लगतच्या डहाणू तालुक्याचा इतिहास या संदर्भात उद्‌बोधक आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ मधील निर्णयानुसार न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदरास परवानगी नाकारली. डहाणू औष्णिक विद्युत् केंद्रास गंधकमुक्ती संयंत्र बसविण्यास त्याने लावलेला आदेशही फलद्रूप झाला. न्या. धर्माधिकारी यांचे जानेवारी २०१९ मध्ये निधन झाले. याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी नव्या स्वरूपातील वाढवण बंदरास सशर्त मान्यता दिली. मच्छीमार संघटना व ग्रामसभा यांचा विरोध कायम असताना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे बंदराची पायाभरणी झाली.

मूल्यमापन : जगाच्या कर्बउत्सर्जनात घट व्हावी म्हणून पुरस्कारिल्या जाणाऱ्या काही साधनांचा भार या किनाऱ्यावर पडला आहे. अणुविद्युत् केंद्रासाठी गावे हलली. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेसाठी मुंबई, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील सु. २२,००० कांदळवृक्ष तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. उधाणाचा जोर सौम्य करणारे नैसर्गिक साधन म्हणजे कांदळवनेच होत. देशाच्या पातळीवर उपाय ठरणारे प्रकल्प गावाच्या पातळीवर हानीचे कारण होऊ शकतात आणि या दोहोंचा मेळ घालणारी, स्थानिक संस्थेचे मत बंधनकारक मानणारी व्यवस्था येथे निर्माण झालेली नाही. येथे जे लाभ पदरात पडले, ते ग्रामसभा, जातिपरिषदा, सहकारी संस्था व न्यायासने यांचे प्रयत्न एकत्र आले तेव्हाच पडले. खाजणाचा बांध राखणाऱ्या जुन्या गावाकडे जोखीम व निर्णय दोन्ही होते. आजच्या पंचायतीकडे जोखीम तेवढी राहिली आहे.